भुतांचा अनुशेष कसा भरून काढावा

दर आठवड्याला नवी गोष्ट सांगणारी भयमालिका काढू पाहणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील होतकरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

विदर्भाचा अनुशेष सिंचनात आहे, रस्त्यांत आहे, उद्योगांत आहे, हे ऐकतच आपण मोठे झालो. भुतांच्या अनुशेषाबद्दल मात्र आजवर एकाही समितीनं चकार शब्द काढलेला नाही. कोकणातल्या भुतांना २०१६ पासून 'रात्रीस खेळ चाले'ची तीन पर्वं मिळाली. पुण्याच्या वाड्यांची सोय कथासंग्रहांनी त्याआधीच लावून दिली होती. आमचं भूत मात्र वैनगंगेच्या काठी, धानाच्या बांधीत नाहीतर गाववेशीच्या चिंचेवर आपल्या स्लॉटची वाट बघत बसलंय.

साकोली, तुमसर, पवनी किंवा मोहाडीतल्या एखाद्या होतकरूला हा अन्याय दूर करावासा वाटला, तर त्याची आबाळ होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन. मालिकेचा प्रकार ठरलेला आहे : दर भागाला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं भूत. या प्रकाराचा गुणधर्मही जगभर एकच. दहा भागांतले दोन अंगावर काटा आणतात, पाच निभावून जातात आणि उरलेल्या तिनांत भुताची भीती वाटण्याऐवजी दिग्दर्शकाची कीव येते. लोकांना वाटतं, असा चढउतार आपोआप होतो. मुळीच नाही. त्याला शिस्त लागते. ती पुढे पायरीपायरीनं दिली आहे.

पायरी १ : पूर्वजांना हात जोडा, मग त्यांच्या चुका उचला

१९९३ साली तुलसी आणि श्याम रामसे यांनी झी टीव्हीवर 'द झी हॉरर शो' आणला. 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२) आणि 'पुराना मंदिर' (१९८४) काढणारी ही मंडळी. आजवर तिकीट काढून पाहायची भुताटकी आता केबलच्या वायरीतून घरात शिरली. पंकज धीर आणि अर्चना पूरण सिंग यांची 'दस्तक' ही पहिलीच गोष्ट ज्यांनी पाहिली, ते आज पन्नाशीला टेकले असले तरी रात्री दार वाजलं की आधी 'कोण?' विचारतात.

दोन वर्षांनी, १९९५ साली, सोनीवर 'आहट' आली. करणारे बी. पी. सिंग, पुढे 'सीआयडी' काढणारे. 'आहट'च्या सुरुवातीच्या काळात खरी मजा अशी होती की शेवटापर्यंत कळायचं नाही, मारणारं माणूस आहे की आणखी कोणी. कधी भूत निघायचं, कधी चुलतभाऊ. चुलतभाऊ निघाला की आपल्याकडे जास्त भीती वाटायची, कारण सातबारा सगळ्यांच्याच घरात असतो. पुढे मालिका पूर्णपणे भुतांच्या ताब्यात गेली आणि ही अनिश्चितता संपली. आठवड्याला भूत येणारच, हे ठाऊक असलं की ते पाहुणं होतं. त्याच्यासाठी चहा टाकायचा तेवढा बाकी राहतो.

२००१ साली स्टार प्लसवर 'श्शश्श... कोई है' आली. तिच्यात पुढे भुतांचा बंदोबस्त करणारा विक्राल नावाचा नायक आणला गेला, आणि मग त्याच्या नावाची वेगळी मालिकाही निघाली. हा डाव नीट अभ्यासा. सुट्या गोष्टींच्या मालिकेचं मोठं बळ हे, की तिच्यात कोणीही मरू शकतं. नायक पुढच्या आठवड्यातही लागणार आहे, हे प्रेक्षकाला कळलं की तो पाय खाली सोडून बसतो.

यातून नवशिक्यानं घ्यायचा धडा : पहिल्या वर्षी जे जमलं असेल, ते दुसऱ्या वर्षी नेमानं मोडा.

पायरी २ : आधी भाग मोजा, गोष्टी नंतर शोधा

चॅनेलवाल्यांकडे जाताना गोष्ट नेऊ नका, आकडा न्या. बावन्न म्हणा. गोष्टी किती आहेत असं तिथं कोणी विचारत नाही. बँक किती आहे, म्हणजे शूट होऊन तयार असलेले भाग किती, एवढंच विचारतात.

अमेरिकेत रॉड सर्लिंग नावाच्या गृहस्थांनी १९५९ ते १९६४ या काळात 'द ट्वायलाइट झोन' चालवली. एकूण १५६ भाग, त्यांतले ९२ एकट्या सर्लिंगनी लिहिलेले. अर्ध्या तासाच्या या मालिकेचे आजही दाखले दिले जातात. पण १९६३ साली चॅनेलच्या सोयीसाठी तिचे भाग तासाभराचे केले. गोष्टी तेवढ्याच होत्या, वेळ दुप्पट झाला. पंचवीस मिनिटांत चटका लावून जाणारी कल्पना पन्नास मिनिटं ताणली की प्रेक्षक भुताच्या आधी शेवटाला पोचतो. पुढच्या पर्वात पुन्हा अर्ध्या तासावर यावं लागलं.

सर्लिंगना पुढे 'नाइट गॅलरी' मिळाली. तिथं पडद्यावर निवेदक म्हणून तेच उभे असत, पण गोष्टी निवडायचा अधिकार दुसऱ्याकडे होता. गंभीर कथांच्या मध्ये छोटे विनोदी तुकडे घुसवले गेले. ते त्यांना अजिबात रुचत नसत. तात्पर्य, गोष्टीची जाण असलेला माणूस पोस्टरवर ठेवा आणि निर्णय भलत्याच्या हाती द्या. मालिका चढउतारी व्हायला याहून खात्रीचा उपाय नाही.

पायरी ३ : जिल्ह्याचं नाव घ्या, जिल्ह्यात येऊ नका

घरगुती कज्जांच्या रोजच्या मालिकेला एक दिवाणखाना उभारला की दोन वर्षांचं काम भागतं. आपल्या प्रकारात दर गोष्टीला नवं घर लागतं, नवे कपडे, नवे नट. खर्च परवडत नाही म्हणून निर्माते मुंबईच्या मढ आयलंडवर एक बंगला धरतात. मग तोच बंगला एका आठवड्यात राजस्थानची हवेली, दुसऱ्यात गोव्याचा चर्चमागचा वाडा आणि तिसऱ्यात हिलस्टेशनचं गेस्ट हाऊस होतो. तोच जिना, तीच तसबीर, दर आठवड्याला वेगळा मेलेला आजोबा. तुम्हीही तेच करा आणि पडद्यावर पाटी लावा : 'जिल्हा भंडारा'.

इथं प्रत्यक्ष येण्याचा मोह मात्र आवरा, कारण आलात तर खरी जागा सापडेल. तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला घ्या. भोसल्यांच्या काळात तो तुरुंग होता. आत सोडलेल्या कैद्यांना तिथल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी प्यावं लागे आणि त्यातच ते मरत, असं सांगतात. या गोष्टीत भूत नाही, मेणबत्ती नाही, मांजर नाही. एक तहानलेला माणूस आणि एक विहीर, बस. पहिल्या दिवशी तो पाणी पीत नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठाशी जाऊन बसतो. तिसऱ्या दिवशी काय होतं ते दाखवायचीही गरज नाही. असल्या गोष्टी टाळा. यात खर्च होत नाही आणि प्रेक्षक घरी गेल्यावर फ्रिजमधल्या बाटलीकडे संशयानं बघतो.

चिखल्याची मँगनीजची भूमिगत खाण, गोसीखुर्दच्या पाण्यासाठी उठलेली गावं, पवनीच्या मातीत पुरलेले दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप, हेही सगळं टाळावं. इथं गोष्ट जागेतून निघते. तुम्हाला ती बंगल्यात घालायची आहे.

पायरी ४ : भूत आयात करा

भुताला पांढरी साडी, मोकळे केस आणि हातात मेणबत्ती द्या. गावाला अजून वीज पोचली नव्हती, अशा काळातली बाई मेणबत्ती कुठून विकत घेते, याचा विचार करू नका. आमच्याकडची एखादी म्हातारी असा भाग बघून म्हणेल, 'का जी, हे भूत मुंबईवरून आलं वाटते.' तिच्याकडे दुर्लक्ष करा.

आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला खरी धास्ती चकव्याची असते. ओळखीच्या बांधावरून निघालेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच बांधावर उभा असतो. चकव्याला चेहरा नाही, मेकअप नाही, किंकाळी नाही. आपली वाट आपल्याला ओळखू येईनाशी होणं एवढाच त्याचा उद्योग. छायाचित्रणाच्या दृष्टीनं हे फारच स्वस्त आणि फारच अवघड. म्हणून बाद.

एक गोष्ट मात्र थट्टेबाहेरची. गावातली एकटी राहणारी म्हातारी, विधवा बाई किंवा कोणी आजारी माणूस चेटूक करतो असं दाखवून दर तिसऱ्या भागाचं पोट भरायची जुनी सवय या धंद्याला आहे. गोष्ट संपल्यावर प्रेक्षक तो संशय गल्लीत घेऊन जातो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कोणाला करणी करणारा ठरवून छळणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बाकी पायऱ्यांवर कितीही घसरा, इथं घसरू नका.

पायरी ५ : दोन पाट्या लावा

पहिली पाटी : 'सत्य घटनेवर आधारित'. दुसरी पाटी : 'अंधश्रद्धा पसरवण्याचा आमचा हेतू नाही'. दोन्ही लागोपाठ दाखवा, म्हणजे कोणती वाचावी हे प्रेक्षकाला कळत नाही. २०१२ साली झी टीव्हीवर आलेल्या 'फिअर फाइल्स'नं खऱ्या अनुभवांचा दावा करूनच दुकान मांडलं होतं. खऱ्या अनुभवाचा फायदा असा, की तो कंटाळवाणा निघाला तरी दोष लेखकावर येत नाही. 'असंच घडलं होतं,' एवढं म्हटलं की झालं.

पायरी ६ : भीती आवाजात भरा

प्रसंगात दम नसेल तर दरवाजा वाजवा. दरवाजातही दम नसेल तर मांजर फेका. एका भागात कमीत कमी तीन वेळा प्रेक्षकाला दचकवायचं आणि तिन्ही वेळा कारण फुसकं निघू द्यायचं : वारा, मांजर, नवरा. दचकणं आणि घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दचकायला अर्धा सेकंद लागतो आणि पुढच्या सेकंदाला हसू येतं. घाबरायला वीस मिनिटं लागतात आणि ते उद्यापर्यंत टिकतं. दचकवण्याचं बिल एकरकमी चुकतं होतं, म्हणून नवशिक्यानं तेच पत्करावं.

पायरी ७ : शेवट उरकून घ्या

शेवटांचा साठा मर्यादित आहे. एक : ते स्वप्न होतं. दोन : तो स्वतःच मेलेला होता. तीन : सगळं संपल्यावर आरशात पुन्हा काहीतरी दिसतं. ते आळीपाळीनं वापरा. मग चौथ्या आठवड्यात एखादं पात्र शांतपणे चहा पिऊ लागलं तरी प्रेक्षक ओळखतो की हा मेलेला आहे.

शेवट मोकळा सोडण्याच्या फंदात पडू नका, जरी जिल्ह्याला त्याची सवय असली तरी. नागझिऱ्याच्या अभयारण्यात जन्मलेला जय नावाचा वाघ चालत चालत उमरेड-कऱ्हांडलाच्या रानात गेला. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही एप्रिल २०१६ नंतर तो कोणालाच दिसला नाही. पुढे काय झालं ते नक्की ठाऊक नाही, म्हणूनच पवनीच्या पानठेल्यावर त्याचा विषय निघाला की अजून अर्धा तास जातो. तुमच्या मालिकेचा विषय तितका वेळ चालला, तर पुढचा भाग कोण बघणार?

पायरी ८ : दिग्दर्शक दर भागाला बदला

हे तर सोपंच. 'घोस्ट स्टोरीज' हा १ जानेवारी २०२० ला नेटफ्लिक्सवर आलेला चित्रपट चार दिग्दर्शकांचा होता : झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी आणि करण जोहर. एकाच तिकिटात चार वेगवेगळ्या उंचीची भुतं. कोणतं उंच आणि कोणतं बुटकं यावर घराघरांत वाद झाले. वाद होणं चांगलं, त्यात बाकीचं खपून जातं. वेगवेगळे हात असणं हा दोष नव्हेच. चार जणांची चार तऱ्हेची भीती एका छताखाली बघायला मिळावी, हीच तर या प्रकाराची हौस. गोष्टी निवडणारी एक नजर नसली म्हणजे मात्र काम फत्ते. तुम्ही तेवढं सांभाळा.

धोक्याची सूचना : मालिका चांगली होऊ नये म्हणून

पुढील गोष्टींपासून लांब राहावं.

एक, मराठीत लिहिलेली भयकथा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा छोट्या पडद्यावर 'गहिरे पाणी' म्हणून आल्या, तेव्हा लक्षात आलं की गोष्ट आधी कागदावर उभी असली तर कॅमेऱ्याला फार धावावं लागत नाही. त्यांची भीती बहुधा मध्यमवर्गीय घरातल्या साध्या वस्तूत आणि साध्या माणसाच्या मनात असे. स्मोक मशीनवाल्यांच्या पोटावर पाय आणणारा हा प्रकार.

दोन, झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होतं आणि वडशाच्या नाटक कंपन्या रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडून पहाटेपर्यंत खेळ करतात. मध्यरात्री दोन वाजता, थंडीत, शाल पांघरून बसलेला माणूस कंटाळला की उठून भज्यांच्या गाडीकडे जातो, आणि ते स्टेजवरच्या नटाला दिसतं. मग तो प्रवेश पुढच्या गावी आखडतो. टीव्हीवाल्यांना उठून जाणारा माणूस दिसत नाही. त्यांना आठवड्यानं आकडा दिसतो, तोवर पुढचे चार भाग बँकेत जमा झालेले असतात.

तीन, भारनियमन. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची त्या काळात रात्रीच्या मालिकेची खरी परीक्षा व्हायची. बाईनं माळ्याच्या दाराला हात लावला, कडी सरकली, दार बोटभर उघडलं आणि लाईन गेली. सगळी आळी अंधारात. कोणी कंदील लावायलाही उठेना. दुसऱ्या दिवशी माळ्यावर काय होतं याच्या पाच कथा तयार, आणि ज्या नातेवाइकांनी शहरात पुढचं पाहिलं त्यांच्याकडून कळायचं की माळ्यावर रबरी मुखवटा घातलेला इसम होता. पाचही कथा त्याच्याहून सरस. दार बोटभरच उघडायचं असतं, ही अक्कल महावितरणनं फुकट शिकवली. ती तुम्ही घेऊ नका.

चार, आणि हा सगळ्यांत मोठा धोका : नागझिरा. १९९३ साली, म्हणजे झी हॉरर शो सुरू झाला त्याच वर्षी, राही अनिल बर्वे नावाच्या मुलाला त्याच्या मित्रानं नागझिऱ्याच्या रानात नारायण धारपांची एक कथा सांगितली. गोंदिया जिल्हा व्हायला अजून सहा वर्षं होती, तेव्हा नागझिरा भंडारा जिल्ह्यातच. ती कथा त्या मुलाच्या डोक्यातून जाईना. १९९७ साली, अठराव्या वर्षी, त्यानं पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. १२ ऑक्टोबर २०१८ ला त्याचा 'तुंबाड' हा चित्रपट पडद्यावर आला आणि २०२४ साली तो पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा लोकांनी पहिल्यापेक्षा जास्त गर्दी केली.

त्या कथेचा आणखी मागचा धागाही बघा. धारपांच्या 'आजी' कथेचं नातं स्टीफन किंगच्या 'ग्रामा'शी लावलं जातं : आजारी आजीपाशी एकटं राहायची वेळ आलेला लहान मुलगा, घरात तिसरं कोणी नाही. हीच 'ग्रामा' अमेरिकेत नव्यानं काढलेल्या 'ट्वायलाइट झोन'चा एक भाग म्हणून १९८६ साली टीव्हीवर आली होती. म्हणजे सुट्या गोष्टींच्या मालिकेतला एक भाग, एक मराठी कथा, रानातल्या रात्रीची एक तोंडी आवृत्ती आणि एक चित्रपट. मुळानंतर आणखी चार वेळा सांगून झाली तरी गोष्ट झिजली नाही. नागझिऱ्यात तर पार्श्वसंगीत नव्हतं, मेकअप नव्हता, प्रोमो नव्हता. सांगणाऱ्याला ती सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं, एवढंच भांडवल.

नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

प्र. बजेट वाढवलं तर भाग एकसारखे चांगले होतील का?
उ. भुताचे दात चांगले होतील.

प्र. मग वाईट भाग वगळून फक्त चांगले दाखवता येणार नाहीत का?
उ. येतील. पण मग बावन्न आठवडे भरणार कसे?

प्र. प्रेक्षक तरी इतके वाईट भाग का सहन करतात?
उ. पुढचा चांगला निघेल या आशेवर. गोष्ट दर आठवड्याला नवी असते, त्यामुळे मागच्या आठवड्याचा राग तिच्यावर निघत नाही. सलग कथेच्या मालिकेला ही सवलत मिळत नाही.

प्र. भंडाऱ्याच्या भुताला न्याय कधी मिळेल?
उ. इथल्या माणसानं इथली गोष्ट लिहिली की. त्याला मढचा बंगला लागत नाही.

आता शेवटचं, आणि हे पायऱ्यांमध्ये धरू नये. या प्रकारातल्या चढउताराचं खापर प्रेक्षकाच्या आवडीवर, सेन्सॉरवर किंवा पैशावर फोडायची पद्धत आहे. कारण त्याहून साधं आहे. भागांचा करार होतो तेव्हा गोष्टी झालेल्या नसतात, आणि मग भरायचे राहिलेले आठवडे कोणीतरी कसेतरी भरतं. तेव्हा होतकरू मित्रांनो, तुमच्या वहीत सांगितल्याशिवाय राहवणार नाहीत अशा तीनच गोष्टी असतील, तर तीनच भाग काढा. चौथ्यासाठी कितीही पैसे देऊ केले तरी सही करू नका.